एकाच मॉडेलचे दोन फ्रिज आणि तीन आकडे: घरगुती उपकरणांचा वीजवापर प्रमाण पद्धतीने कसा मोजावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेर येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी अकरावीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातील उपकरणांचा वीजवापर मोजून आणायला सांगितला. काहींनी प्लगमध्ये लावायचा मीटर वापरला, तर काहींनी ओळखीच्या वायरमनकडून क्लॅम्प मीटर आणला. सगळ्यांचे आकडे एकत्र मांडल्यावर एकाच मॉडेलच्या दोन फ्रिजपैकी एक दिवसाला ०.७ युनिट आणि दुसरा १.१ युनिट वीज घेतो असे दिसले, तर लेबलवरचे वर्षाचे २१० युनिट हे दिवसाला ०.५८ पेक्षाही कमी भरत होते. सेट-टॉप बॉक्स कुणाच्या घरी ९ वॉट, तर कुणाच्या घरी १९ वॉट निघाला. सरांनी विचारले आहे की मोजण्याची सर्वमान्य अशी एकच पद्धत आहे की नाही, आणि असल्यास ती शाळा-महाविद्यालयाच्या पातळीवर वापरता येईल का.

पद्धत आहे, पण ती सर्व उपकरणांना मिळून एक नाही. फ्रिजची वेगळी, टीव्हीची वेगळी, एसीची वेगळी आणि नुसत्या स्टँडबाय, म्हणजे उपकरण बंद भासत असतानाच्या वापराची वेगळी. या सर्व पद्धतींमागचा हेतू मात्र एकच आहे, आणि तो नीट ध्यानात न घेतल्यामुळेच बहुतेक गोंधळ होतो. प्रमाण चाचणीतून मिळणारा आकडा दोन उपकरणांची आपसात तुलना करता यावी म्हणून काढलेला असतो. तुमच्या घरी किती बिल येईल हे सांगण्यासाठी तो काढलेला नसतो. लेबलावर 'युनिट प्रति वर्ष' असे छापले की वाचणाऱ्याचा तसा समज होणे साहजिकच आहे, आणि त्याचा दोष मी वाचणाऱ्याला देणार नाही.

आधी सेट-टॉप बॉक्सचा घोळ सोडवू, कारण त्यात उपकरणाचा काहीही दोष नाही. वायरभोवती चिमट्यासारखा अडकवायचा क्लॅम्प मीटर फक्त करंट मोजतो. त्या करंटला २३० ने गुणले की हाती येतो तो व्होल्ट-अँपिअरचा आकडा, वॉटचा नव्हे. हीटर किंवा जुना पिवळा बल्ब असेल तर दोन्ही सारखेच येतात. पण टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा यांच्या आत जो स्विचिंग पुरवठा असतो, तो व्होल्टेजच्या लाटेच्या शिखरापाशी क्षणभरच करंट ओढतो आणि बाकीचा वेळ स्वस्थ बसतो. ९ वॉटच्या साध्या एलईडी दिव्याचा पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॉट किती हे गुणोत्तर, ०.५ धरले तर तो साधारण ०.०७८ अँपिअर घेतो, आणि २३० ने गुणल्यावर थेट १८ हा आकडा समोर येतो. त्यात क्लॅम्प मीटर ट्रू आरएमएस, म्हणजे कोणत्याही आकाराच्या लाटेचे खरे मूल्य मोजणारा, नसेल तर अशा टोकदार करंटचे वाचन आणखीच भलतीकडे जाते. ज्या विद्यार्थ्याकडे १९ आले, त्याच्याकडे बहुधा क्लॅम्प मीटर असावा. वॉट मोजायचा तर व्होल्टेज आणि करंट यांचा क्षणाक्षणाचा गुणाकार करून त्याची सरासरी काढणारेच यंत्र हवे. प्लगमधला स्वस्तातला मीटरसुद्धा हे काम करतो, म्हणून घरगुती मोजणीत क्लॅम्पपेक्षा तो बरा.

मात्र तो सगळीकडेच बरा असे नाही. अशा मीटरची अचूकता शंभर-दोनशे वॉटला चांगली असली तरी एक-दोन वॉटच्या खाली तिचा भरवसा राहत नाही. काही मीटर तर ठरावीक पातळीखालचा वापर सरळ शून्य दाखवतात. शिवाय मीटरच्या आतील सर्किटलाही वीज लागते, आणि जोडणी कशी केली आहे त्यावर ती मोजणीत मिसळते की नाही हे ठरते. फ्रिज मोजताना अर्ध्या वॉटची कुणी पर्वा करत नाही, पण चार्जरचा रिकामा वापर मोजताना तोच अर्धा वॉट उत्तराच्या दुप्पट असू शकतो.

स्टँडबाय मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक नेमके याच अडचणीतून घडले. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेचे ॲलन मायर यांनी बंद भासणाऱ्या उपकरणांच्या वापराकडे लक्ष वेधले. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने कोणत्याही उपकरणाचा स्टँडबाय वापर एका वॉटच्या आत असावा अशी मोहीम पुढे आणली. पण तो एक वॉट कसा मोजायचा यावर जगाचे एकमत व्हायला २००५ साल उजाडले, तेव्हा आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेचे ६२३०१ हे मानक निघाले. त्याची दुसरी आवृत्ती २०११ ची. मर्यादा आधी आली आणि मोजपट्टी मागाहून. युरोपीय संघाने २०१० पासून एक वॉटची आणि २०१३ पासून बहुतांश उपकरणांना अर्ध्या वॉटची मर्यादा कायद्याने लागू केली, ती या मोजपट्टीच्या बळावरच.

या मानकातील अटी वाचल्या म्हणजे घरातली मोजणी आणि प्रयोगशाळेतली मोजणी यांत किती अंतर आहे ते कळते. पुरवठ्याचे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ठरलेल्या मूल्याच्या एक टक्क्याच्या आत हवी, म्हणजे २३० व्होल्ट हे २२७.७ आणि २३२.३ यांच्यामध्येच राहिले पाहिजे. लाटेतील हार्मोनिक विकृती, म्हणजे तिचा आकार बिघडण्याचे प्रमाण, दोन टक्क्यांहून अधिक चालत नाही. खोलीचे तापमान २३ अंश, पाच अंश इकडे-तिकडे. मोजमापातील अनिश्चितता एक वॉट किंवा त्याहून अधिक वापराला दोन टक्क्यांच्या आत आणि त्याखाली ०.०२ वॉटच्या आत. उपकरण लावल्याबरोबर दिसलेला आकडा तर लिहायचाच नाही: किमान पंधरा मिनिटे नोंदी घ्यायच्या, पहिला एक तृतीयांश भाग टाकून द्यायचा आणि उरलेल्या भागात वाचन स्थिर राहिले आहे का ते पाहायचे. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते आणि ती पाळायला एक पैसाही लागत नाही. टीव्ही रिमोटने बंद केल्यावर तो बराच वेळ आतून काही ना काही करत असतो. पहिल्याच मिनिटाला नोंद करणारा विद्यार्थी भलत्याच अवस्थेचा आकडा घेऊन येतो.

अवस्था हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. भिंतीवरचा स्विच बंद, उपकरणाचे स्वतःचे बटण बंद, रिमोटने बंद, नेटवर्कला जोडलेले राहून बंद, या सगळ्यांना घरात आपण 'बंद' हा एकच शब्द वापरतो. सेट-टॉप बॉक्सच्या बाबतीत तर माझ्या पाहण्यात असे अनेक नमुने आले की रिमोटने बंद केल्यावर फक्त समोरचा दिवा हिरव्याचा लाल होतो आणि वापर जेमतेम एखाद्या वॉटने उतरतो. तेव्हा विद्यार्थ्यांच्या तक्त्यात 'बंद' असा रकाना ठेवूच नये. कशाने बंद केले ते लिहावे.

टीव्हीचे मानक आयईसी ६२०८७. पूर्वी स्थिर चित्र दाखवून वापर मोजत असत. चित्राच्या उजेडाप्रमाणे मागचा प्रकाश कमी-जास्त करणारे सपाट पडदे आल्यावर त्या मोजणीला अर्थ उरला नाही, म्हणून २००८ च्या आवृत्तीत प्रत्यक्ष प्रसारणासारखी दहा मिनिटांची ठरावीक चित्रफीत आली. दुकानातील झगमगाटासाठीची सेटिंग आणि घरासाठीची सेटिंग यांत वापराचा मोठा फरक पडतो, त्यामुळे कोणत्या सेटिंगला मोजले हे नोंदवावेच लागते. बरे, वॉट सारखे आले तरी वार्षिक युनिट सारखे येतील असे नाही: युरोपच्या जुन्या लेबलात दिवसाला चार तास धरलेले होते, २०२१ पासूनच्या नव्या लेबलात दर हजार तासांचा वापर छापतात. मला ही हजार तासांची रीत अधिक प्रामाणिक वाटते. तुम्ही किती वेळ टीव्ही पाहता हे लेबलाने ठरवू नये.

आता फ्रिज. सरांच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे आणि खानदेशच्या दृष्टीनेही हेच उपकरण सर्वांत बोलके आहे. फ्रिजचे दार उघडायचे की नाही, उघडायचे तर किती वेळा, आणि खोली किती गरम ठेवायची यावर जगभर अनेक वर्षे निरनिराळ्या पद्धती होत्या. अमेरिकेने दार बंदच ठेवले, पण खोली ९० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३२ अंशांवर ठेवली. दार उघडल्याने वाढणाऱ्या उष्णतेची भरपाई त्या जादा तापमानातून होते असा त्यामागे विचार होता. युरोपात मुख्यतः २५ अंशांवर मोजत. जपानने चाचणीत खरोखरच दार उघडण्या-मिटण्याचा समावेश केला. परिणामी एकच फ्रिज तीन देशांत तीन आकडे घेऊन वावरत असे, आणि त्यांपैकी एकही खोटा नसे. आयईसी ६२५५२ च्या २०१५ च्या आवृत्तीने यावर चांगला तोडगा काढला: मोजणी १६ आणि ३२ अशा दोन तापमानांना करायची, डीफ्रॉस्टला, म्हणजे साचलेला बर्फ वितळवायला, लागणारी वीज वेगळी काढायची, आणि प्रत्येक देशाने आपल्या हवामानाप्रमाणे त्यांची सांगड घालायची. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७५५० हे त्याच धर्तीवर आहे.

मेमध्ये अमळनेरच्या स्वयंपाकघरात दुपारी ४२ अंश असतात, यात कुणाला शंका नसावी. फ्रिजच्या आत ४ अंश धरले तर ३२ अंशांच्या खोलीत आत-बाहेरचा फरक २८ अंशांचा आणि ४२ अंशांच्या खोलीत ३८ अंशांचा. भिंतीतून झिरपणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते. फ्रीझरच्या उणे १८ अंशांसाठी हाच फरक ५० वरून ६० वर जातो, म्हणजे २० टक्के वाढ. त्यावर आणखी भार असा की मागची जाळी तापलेल्या हवेत उष्णता टाकते, त्यामुळे तेवढीच उष्णता बाहेर काढायला कॉम्प्रेसरला जास्त वीज लागते. या दोन्हींत दिवसभर पाण्याच्या बाटल्यांसाठी उघडले जाणारे दार मिळवले, तर ०.५८ चे ०.७ होणे अगदी अपेक्षित आहे आणि १.१ होणेही अशक्य नाही. लेबल खोटे ठरवायला एवढ्याने भागत नाही.

राहिला प्रश्न एकाच मॉडेलच्या दोन फ्रिजमधील फरकाचा. तो वापराचा आहे की यंत्राचा हे ओळखायला दोन्ही घरी रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत दार अजिबात न उघडता केलेली मोजणी कामी येते. खोलीचे तापमान सोबत लिहावे आणि हे लागोपाठ काही रात्री करावे, कारण एखाद्या रात्री डीफ्रॉस्टचा हीटर चालू झाला तर तेवढ्याने आकडा फुगतो. रात्रीचे आकडे जुळले तर फरक दिवसाच्या वापरात आहे. जुळले नाहीत तर दाराचे रबर, थर्मोस्टॅटची जागा आणि फ्रिजच्या मागे हवेला वाव आहे की तो थेट भिंतीला टेकवला आहे, हे पाहावे.

एसीच्या बाबतीत मात्र माझी तक्रार मानकाशीच आहे. आपल्याकडील एसीचा तारांकनाचा आकडा आयएसईईआर या मोसमी गुणोत्तरावर, म्हणजे मोसमभरात मिळालेला थंडावा भागिले त्यासाठी लागलेली वीज यावर, ठरतो. त्यात वर्षाचे १६०० तास धरलेले आहेत आणि ते २४ ते ४३ अंश बाह्य तापमानाच्या टप्प्यांत वाटलेले आहेत. प्रयोगशाळेतील मुख्य मोजणी मात्र बाहेर ३५ आणि आत २७ अंश असताना होते. ४३ पर्यंतचे वर्तन सूत्राने काढतात. देशाचा एकच आकडा काढायचा तर हे ठीकच आहे, कारण बेंगळुरू आणि भुसावळ एकाच तक्त्यात बसवायचे आहेत. पण भुसावळ-जळगावचा मे महिना ४३ वर थांबत नाही, ४५ च्या पुढेही जातो, आणि गच्चीवर पत्र्याच्या शेडशेजारी बसवलेल्या बाहेरच्या युनिटला हवामान खात्याच्या सावलीतल्या तापमानाहून गरम हवा मिळते. म्हणजे ज्या दिवसांत एसी खऱ्या अर्थाने लागतो, नेमक्या त्या दिवसांतले त्याचे वर्तन लेबलावर कुठेच नसते. यावर उपाय शोधायला फार लांब जावे लागत नाही. आयएसओ ५१५१ या मानकात उष्ण प्रदेशांसाठी टी३ नावाची चाचणी आहे आणि तिचे बाहेरचे तापमान ४६ अंश आहे. जणू कुणी भुसावळ स्टेशनावर उभे राहूनच ते ठरवले असावे. मोसमी आकड्याच्या शेजारी या चाचणीतील थंडावा आणि वॉट छापणे सक्तीचे केले, तर खानदेश, विदर्भ, राजस्थान येथील ग्राहकाला निवड करणे सोपे जाईल. तोपर्यंत दुकानात तारे मोजून झाल्यावर माहितीपत्रकात ४६ अंशांचे आकडे दिले आहेत का ते विचारावे. काही कंपन्या ते देतात.

चाचणी प्रत्यक्ष वापराच्या किती जवळची असावी हा वाद इतरत्र न्यायालयातही गेलेला आहे. युरोपात व्हॅक्यूम क्लीनरचे लेबल धुळीची पिशवी रिकामी ठेवून केलेल्या चाचणीवर आधारलेले होते. एका उत्पादकाने त्याला आव्हान दिले आणि २०१८ मध्ये तेथील न्यायालयाने ते लेबलच रद्द केले. चाचणी वास्तवाच्या जितकी जवळ न्यावी तितकी ती खर्चिक आणि किचकट होते, आणि दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळणे कठीण होते. उलट ती सोपी केली तर निकाल सुंदर जुळतात, पण उपकरण चाचणीपुरतेच चांगले बनवण्याचा मोह उत्पादकाला होतो. मानके ठरवणाऱ्या समित्यांत खरी ओढाताण असते ती हीच.

लेबलांच्या या जगात खानदेशी घरातील काही वस्तू तर येतच नाहीत. लोखंडी पत्र्याचा, गावातच जोडलेला कूलर मार्च ते जून अहोरात्र चालतो, पण त्याच्या मोटरीवरचा वॉटचा आकडासुद्धा अनेकदा नुसता रंगवलेला असतो. इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली राखण्यात जाणारी वीज आणि स्टॅबिलायझरची स्वतःची वीज कुणाच्याही हिशेबात नसते. हे सगळे विद्यार्थ्यांनी जरूर मोजावे. मला तर त्या आकड्यांचेच जास्त कुतूहल आहे.

व्होल्टेजचे भानही ठेवावे लागेल. पंपांच्या वेळेत खेड्यावर १८० व्होल्ट मिळत असतील, तर हीटरसारख्या भाराचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटून २३० व्होल्टच्या ६१ टक्के राहतो. १५०० वॉटचा गीझर जेमतेम ९२० वॉट घेतो आणि पाणी तापायला वेळ जास्त लावतो. टीव्ही किंवा चार्जर मात्र करंट वाढवून वॉट जवळजवळ तेवढेच ठेवतो. म्हणजे एका घरात कमी व्होल्टेजला आणि दुसऱ्या घरात पूर्ण व्होल्टेजला घेतलेले आकडे शेजारी मांडायचे, तर व्होल्टेज लिहिल्याखेरीज ते मांडू नयेत. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरच्या चौकोनी लाटेवर घेतलेली वाचने सरळ बाद करावीत.

वर्गासाठी मी एवढे सुचवीन. सगळे मीटर एके दिवशी प्रयोगशाळेत आणून, एकाच सॉकेटवर, एकाच जुन्या १०० वॉटच्या तारेच्या बल्बवर लागोपाठ लावून पाहावेत. त्या बल्बचा पॉवर फॅक्टर एक असल्याने तिथे क्लॅम्प मीटरलाही सबब उरत नाही, आणि कोणता मीटर इतरांहून किती जास्त किंवा कमी दाखवतो हे लिहून ठेवता येते. चार्जरसारखी लहान वस्तू मोजताना त्याच प्रकारचे पाच चार्जर एका एक्स्टेन्शन बोर्डवर लावून एकूण आकड्याला पाचाने भागावे आणि क्षणाचे वॉट पाहण्याऐवजी चोवीस तासांचे साठलेले युनिट घ्यावेत. फ्रिज सलग सात दिवस मोजावा. प्रत्येक नोंदीपुढे व्होल्टेज, खोलीचे तापमान, मीटर कोणता, उपकरण कोणत्या अवस्थेत आणि मोजणी किती वेळ, एवढे असले पाहिजे. ते नसेल तर ती नोंद एकत्रित तक्त्यात घेऊ नये. मोजणीसाठी स्विचबोर्ड उघडणे किंवा वायर सोलणे विद्यार्थ्यांना अजिबात करू देऊ नये.

ज्यांच्याकडे कोणताच मीटर नाही त्यांनी घराच्या वीजमीटरचा उपयोग करावा. त्यावर लुकलुकणाऱ्या लाल दिव्याजवळ '३२०० इम्पल्स प्रति युनिट' असे काहीसे छापलेले असते. आकडा वेगळा असेल तर तो घ्यावा. घरातील बाकी सर्व बंद करून एकच उपकरण चालू ठेवले आणि दोन लुकलुकींतला वेळ सेकंदांत मोजला, तर ३२०० च्या मीटरला ११२५ भागिले ते सेकंद म्हणजे वॉट. जुना ७५ वॉटचा पंखा पूर्ण वेगाने दर पंधरा सेकंदांनी एकदा दिवा लुकलुकवतो. एका लुकलुकीवर विसंबू नये, दहा मोजून सरासरी काढावी. या रीतीने पंखा, फ्रिज, कूलर नीट मोजता येतात, पण एकटा चार्जर मोजायला जाऊ नये: घरगुती मीटर चालू होण्यासाठीच किमान काही मिलीअँपिअर करंट लागतो, आणि ५ अँपिअर मूळ करंटच्या, अचूकतेच्या पहिल्या वर्गातील (क्लास १) मीटरला ही मर्यादा २० मिलीअँपिअर, म्हणजे साधारण साडेचार वॉटच्या आसपास असते. त्याखालचा एकटा भार तो नोंदवेलच असे नाही, आणि दिवा लुकलुकला नाही म्हणून वापर शून्य असे तक्त्यात लिहिणे चूक ठरेल. तिथे 'मीटरच्या मर्यादेखाली' असे लिहावे.